कँडिडेटचा पांढरा अंगरखा

जव्हार, आश्विन वद्य पंचमी

हेडमास्तरच्या जागेसाठी आज दिवाणसाहेबांपुढे आम्ही दोघेच. मी रिवाजाप्रमाणे पांढऱ्या अंगरख्यात, खळ घालून कडक केलेल्या. मुंबईहून आलेला तो केळकर मात्र तपकिरी कोटात! साहेब "कँडिडेट" म्हणाले, तर हा लगेच, "साहेब, शब्द लॅटिन आहे, मूळ अर्थ 'पांढरी वस्त्रं ल्यालेला'. रोमात पद मागणारे झग्याला खडू चोळून, पांढरेशुभ्र होऊन हिंडत."

साहेब माझ्या अंगरख्याकडे बघून हसले. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतो मी, मला का नाही हे ठाऊक?

घरी बायकोनं विचारलं, "साहेब काय म्हणाले?" मी फक्त त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

"अगबाई! किती ठाऊक असतं तुम्हांला!"

केळकरचं नाव ओठांवर आलं होतं. गिळलं. जागा त्याला मिळेल. घरात तरी तो शब्द माझा राहू दे.