बोलल्याशिवाय मंत्र लागत नाही

रवि., ८ जून. अमरावती
बाबांना सोडून जाता येत नाही, म्हणून मित्रमैत्रिणींचा फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ आमच्याच घरी. गोष्ट प्रफुल्ल चालवतो. सना लढवय्यी, मी जादूगारीण. मला मंत्रांचे नियम कळेनात. प्र. म्हणाला, "तोंडानं शब्द, हातानं खूण, जवळ वस्तू. मंत्रापुढं जे लिहिलं ते सगळं पाहिजे. तोंड बांधलं असलं त शब्दाचा मंत्र लागतच नाही." मग त्याची नजर बाबांकडे गेली. बाबा खुर्चीत ऐकत होते.

बुध., ११ जून. अकोला
कॉलेज, पेपर तपासणे. आईचा फोन: "तुये बाबा त्या खेळाचे कागद वाचून राह्यले." प्र.नं मराठीत काढलेले नियम. वाचा सुधारायचे व्यायाम मात्र करत नाहीत. लकव्यानंतर शब्द जड येतात, म्हणून घराबाहेरच्यांसमोर तोंडच उघडत नाहीत. जन्मभर भिक्षुकी केलेला माणूस.

रवि., १५ जून
बाबा टेबलाशी येऊन बसले. कागदावर लिहिलं: मी पण.
प्र. (याच्या मळ्यातली फुलं वर्षानुवर्षं बाबांच्या पूजांना) म्हणाला, "काका, तुमच्यासाठी एक सोय हाये. या जादूगाराले न बोलता मंत्र टाकता येते. ताकद जास्त जाते फक्त."
बाबांनी लिहिलं: संपली की?
"मंग बोलावं लागते."
संपलीच. तेवढ्यात सनाची लढवय्यी नदीत पडली. वाचवायचा मंत्र एकट्या बाबांकडे, तोही शब्दाचा. सगळे थांबलो.
"काका बोलले असं धरतो," प्र. म्हणाला. बाबांनी मान हलवली. नाही.
डाव पुढे गेला. लढवय्यी बुडाली. सना म्हणाली, "चालते काका, दुसरी बनवते." बाबा उठून आत गेले.

गुरु., १९ जून. अकोला
आई सांगते, देवघराचं दार लावून वाचेच्या व्यायामाचं पा-टा-का, पा-टा-का चाललेलं असतं. ती विचारत नाही.
प्र.ला फोन केला. नियम जरा सैल कर म्हटलं. "त्यायलेच सूट नको होती. तू पाह्यलं ना?" मला पटलं नाही.

रवि., २२ जून
माझी जादूगारीण बाण लागून पडली. बाबांची पाळी. मंत्राचा शब्द 'ऊठ'.
ओठ जुळवायला वेळ लागला. "ऊ... थ."
प्र. म्हणाला, "काका, ऐकू नाही आलं."
मला राग आला. 
बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं. परत, मोठ्यानं. शेवटचं अक्षर तसंच.
"लागला," प्र. म्हणाला. "ऊठ वो, पाळी तुयी हाये."
मी फासे उचलले. बाबा चहा प्यायले. थोडा सांडला.

शुक्र., २७ जून. अकोला
आईनं कळवलं, चांदूर रेल्वे गावच्या जुन्या यजमानांचा फोन आला होता, वास्तुशांतीसाठी. आई नेहमीप्रमाणे दुसऱ्या गुरुजींचं नाव सांगायला लागली, तर बाबांनी फोन मागून घेतला. म्हणाले, "उद्या सांगतो."
आईला कळलं. यजमानांना कळलं का, माहीत नाही. ते दोनदा 'हॅलो' म्हणाले आणि फोन ठेवला.
उद्या सकाळच्या गाडीनं घरी जाते आहे, बाबा परत फोन लावतील त्याआधी.