बोटांवरचा भार

५ ऑगस्ट

पुन्हा तेच! अमेरिकन फुटबॉलमधली आमची पाचजणांची पुढची फळी ओळीत वाकली, हात जमिनीला टेकले, चेंडू अजून हललासुद्धा नाही — आणि समोरून आमच्याच बचावफळीतला ओडेल बोंबलतो, "फेकणार रे, फेकणार!" खरंच फेकायचाच होता. सरावात आमचीच माणसं आम्हाला असं ओळखत असतील तर बाहेरचे काय सोडणार?

प्रशिक्षक ब्रॅनिगन माझ्यावरच डाफरला. "कोलारिक, अकरा वर्षं झाली तुला. कोण फोडतंय ते शोध."

शोध म्हणे! वाकल्यावर मला समोरच्याच्या छातीशिवाय दिसतं काय?

६ ऑगस्ट

लेनीच असणार. बाकीचे तिघं माझ्याइतकेच जुने. हा सामोआचा पोरगा, पहिलंच वर्ष, मूळचा माझ्याच जागेचा, संघात अजून पक्का नाही; सध्या माझ्या डाव्या हाताला उभा राहतो. चेंडू घेऊन धावायचं असलं की नवखे सगळा भार हातावर टाकतात, बोटं पांढरीफटक पडतात. फेकायचा असला की मागे सरायचं असतं, म्हणून हात नुसता टेकवतात. आंधळ्यालाही कळावं!

बजावलं त्याला. "हो काका," म्हणाला. काका! चौतिसाचा आहे मी!

१० ऑगस्ट

काही फरक नाही. आज सगळ्यांसमोर झापला. "हात आहे का पाटी? सगळं लिहून दाखवतोस!" मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, काका." रागवावं तर भांडतही नाही लेकाचा.

संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ. बायको, जोलीन, म्हणाली, "गुडघ्याचं सांगून टाक ना प्रशिक्षकांना." सांगितलं की लेनी माझ्या जागेवर आणि मी घरी! घरी बसून काय करू? तुझे पडदे धुऊ? — असं म्हणालो. ती उठून आत गेली. बरोबरच आहे तिचं.

१४ ऑगस्ट

सामना हरलो. चेंडू फेकणारा आमचा गिब्सन बिचारा हात वर करतो तोवर आडवा. शेवटी त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. त्याला वाचवणं एवढंच तर आमचं काम!

ब्रॅनिगन लेनीकडे बघून म्हणाला, "मंगळवारी संघाची छाटणी, काढायच्यांत तुझं नाव आहे, पोरा."  

१५ ऑगस्ट

लेनीला घेऊन सामन्याचं चित्रण बघायला बसलो. समोरून, जमिनीलगत घेतलेलं. म्हटलं, जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

लेनीचा हात प्रत्येक वेळी सारखाच.

माझा नाही. फेकायच्या वेळी माझी बोटं गवताला जेमतेम लागलेली. गुडघ्यामुळे झटकन मागे सरता येत नाही, म्हणून मी आधीच टाचांवर बसतोय! पुन्हा लावलं. पुन्हा तेच. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा? उद्या तुला काढतायत!"

"तुमची जागा मलाच मिळणार होती, काका. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

१६ ऑगस्ट

मंगळवार. सकाळी सगळ्यांच्या आधी ब्रॅनिगनच्या दारावर टकटक केली. गुडघा दाखवला.


"माझ्या जागी लेनीला घ्या," म्हणालो.