बाबांचा खांदा आणि माझं तेल

प्रिय आत्या,

तुला दोन्ही हात जोडून नमस्कार. बाबांचाही आहे, पण एकाच हाताचा, कारण उजवा खांद्याच्या वर जायला तयार नाही. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं सांग. 'ठीक आहेत' हे आपल्या घरात उत्तर धरत नाहीत.) फोनवर बाबा कान लावून बसतात, म्हणून पत्र.

हात वर जात नसेल तर केस कापणाऱ्याचं काय होतं, तुला वेगळं सांगायला नको. उंच गिऱ्हाईक आलं की बाबा त्याला खुर्चीत खाली घसरायला लावतात. परवा एक जण इतका घसरला, की आरशात नुसतं कपाळ उरलं. बाकीचे दुसऱ्या सलूनमध्ये जायला लागलेत. डॉक्टरचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "सुई टोचतील." म्हटलं ठीक, मीच बरं करते.

तिळाच्या तेलात ओवा, आलं, लसूण कढवलं. पहिल्या खेपेला लसूण जळला आणि वरच्या काकूंनी आग लागली म्हणून अख्खी बिल्डिंग खाली उतरवली. मी हटले नाही. दुसऱ्या खेपेला मंद आच, वर कापूर, नीलगिरी, पुदिन्याचा अर्क. (अर्क थेंबाने घालतात. मी झाकणाने घातला. दुखणं जुनं होतं ना!) ते डोक्याच्या मालिशच्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत भरून दुकानात ठेवलं, दुपारी खांदा चोळायला.

आता बाबा काम करताना आरशात बघतात, बाटलीकडे कधीच नाही. हात मागे जातो, लागेल ती बाटली उचलतो. खुर्चीत कोपऱ्यावरचे डॉक्टर. टाळूवर तेल पडलं, ते उठले आणि गळ्यातल्या कापडासकट थेट नळाखाली! म्हटलं, बसलं दुकान. तर संध्याकाळी लाल डोळ्यांनी हजर. "मान मोकळी झाली हो. परत करा."

तेव्हापासून रांग आहे. केस कुणालाच कापायचे नाहीत, सगळ्यांना मालिश. आणि करतो कोण? तोच खांदा! गल्लीभरच्या माना सुटल्या, बाबांचा हात आता कंगव्यापर्यंतही पोचत नाही. त्यांच्यासाठी तेलही उरत नाही.

पण मी सोडणार नाही.

तुझी हट्टी भाची

ता.क. तू जरा आजारी पड ना. गुडघे फार दुखतायत, डॉक्टरकडे एकटीला भीती वाटते, असं बाबांना फोनवर सांग. तुझ्यासाठी धावत येतील. तिथे त्यांचा खांदा पुढे करू. दार मी अडवते.

ता.क. २. इथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. डोळे मिटून, डोकं बाबांच्या हातात देऊन म्हणाले, "उपचार करीन, पण मग त्यांना महिनाभर विश्रांती लागेल. माझ्या मानेचं काय?"