वल्लरीला अचानक पडलेले प्रश्न

वारजे, पुणे

प्रिय वल्लरी,

नववीत नागरिकशास्त्राच्या तासाला, म्हणजे माझ्याच तासाला, तू शेवटच्या बाकावर झोपायचीस. तीच मुलगी आता दर रविवारी जर्मनीहून फोन करून विचारते, की आपली राज्यसभा आणि तिकडचं वरचं सभागृह यांत फरक काय. मी पडलो मास्तर. आधी उत्तर देतो, संशय मागाहून घेतो. सांगत गेलो, की राज्यसभेवर आमदार माणसं निवडून देतात, तिकडे राज्य सरकारं आपले मंत्रीच नेऊन बसवतात. आपल्याकडे सरकार नुसतं पाडता येतं, तिकडे संसदेला पुढचा चॅन्सलर, म्हणजे त्यांचा पंतप्रधान, निवडल्याशिवाय आधीच्याला हलवता येत नाही. तू चक्क लिहून घेत होतीस.

तिसऱ्या रविवारी तू विचारलंस, जर्मनीत राज्यं किती. सोळा, म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर तुझ्या आईला म्हटलं, हिचं काहीतरी शिजतंय. मुलीनं कधी नव्हे तो अभ्यासाचा विषय काढला तर तुमच्या पोटात दुखतं, असं ऐकून घ्यावं लागलं. मग स्वतःच इंटरनेटवर शोधलं. तेहतीस प्रश्न, सतरा बरोबर आले की पास. तिकडचं नागरिकत्व मिळवायची परीक्षा. मी सोडवून पाहिली, एकतीस आले. तुझा जन्मदाखला काढून पाठवा, राजसच्या ऑफिसात लागतोय, असं तू म्हणाली होतीस. जावयाच्या ऑफिसला तुझा जन्मदाखला कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस.

आधी जर्मनांवरच चिडलो. मग दोन्हीकडचे कायदे शेजारी ठेवून वाचले. जुनं नागरिकत्व सोडा, असं ते आता म्हणत नाहीत. आपलाच कायदा म्हणतो. मतदार यादीत माझ्या नावाखाली तुझं नाव आहे. ते निघणार याचं मला फार वाईट वाटतं, सरळच लिहितो.

आता माझं. महापालिकेतले साहेब रजेवर आहेत, यंत्र बंद आहे, दाखला मिळत नाही, असं मी तुला अडीच महिने सांगतोय. बिचारे साहेब एक दिवस रजेवर गेले नाहीत. दाखला वीस मिनिटांत मिळाला, आणि तेव्हापासून माझ्या कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली आहे. कायदा करणारा, तो राबवणारा आणि निवाडा देणारा एकच माणूस नसावा, हे तीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि घरात तुला न विचारता तिन्ही कामं एकट्यानं उरकली. तू लपवलंस, म्हणून मीही. दाखला सोबत जोडला आहे. राष्ट्राध्यक्ष कोण निवडतं, तिथे तू नेहमी चुकतेस. जनता थेट निवडत नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. सतरा पुरतात म्हणून सतरावर थांबू नकोस. निकाल लागला की पहिला फोन मला कर.

तू कुठलीही झालीस तरी तुझाच,
बाबा