मीठ बरोबर आहे, आजी

सोमवार, ६ मार्च

पुन्हा तेच बोलले — "आधी गवती चहाचा वास येईल, मग मिरची, आणि सगळ्यात शेवटी आंबवलेला जवळा." आठ पाहुण्यांनी वाडग्यांत नाकं घातली, माना डोलावल्या. मला काही म्हणजे काही आलं नाही. गरम पाणी आणि शेवया. तापातून उठून तीन आठवडे झाले, वास नाही की चव नाही.

व्हिएतनामातल्या या ह्वे शहराच्या गल्लीबोळांतून लोकांना खाऊ घालत फिरवणारी बाई, आणि तिचीच जीभ लाकडाची! ख्वातने कामावर घेताना बजावलं होतं, "ताई, इंग्रजी मोडकंतोडकं चालेल. जीभ शाबूत पाहिजे." त्याला कळलं तर दुसऱ्या दिवसापासून मी घरी.

शेवयांच्या टपरीवरच्या लायआजीने पहिला वाडगा नेहमीसारखा माझ्यापुढे केला. "मीठ बघ गं. या खेपेला जवळा दुसरीकडून आणलाय."

"बरोबर आहे, आजी."

रोज हेच म्हणते. तापाच्या आधी ते खरं तरी असायचं.

मंगळवार, ७ मार्च

ओसाकाहून लेकाचा फोन. "आई, जेवलीस का?" जेवले म्हटलं. काय जेवलीस ते विचारलं नाही, बरं झालं.

गुरुवार, ९ मार्च

दोन दिवस वाडगे अर्धे परत जाताहेत. काल म्हटलं, परदेशी माणसं, तिखट झेपलं नसेल. पण आज सायकलरिक्षावाल्या न्हामनेही वाडगा तसाच ठेवला. हा माणूस एरवी रश्शाचा थेंब ठेवत नाही! उठताना पुटपुटला, "म्हातारीने आज समुद्र ओतलाय." आजीला ऐकू गेलं नसावं. मला गेलं.

म्हणजे रस्सा खारट होतोय, आणि मी रोज बरोबर म्हणतेय. आजीला सांगायचं तर स्वतःचंही सांगावं लागेल.

शनिवार, ११ मार्च

ख्वातने बोलावून घेतलं. लायआजीच्या नावाने तीन तक्रारी. "तू रोज तिथे खातेस ना? तुला खारट लागलं नाही?"

तोंडातून निघून गेलं — "आजीचं वय झालंय. हात बिघडलाय तिचा. तोंडावर कसं सांगणार?"

"मग सोमवारपासून तिथे थांबायचं नाही."

नोकरी वाचली. आळ मात्र म्हातारीवर घातला. ती कधी मला वाकडा शब्द बोलली नाही.

संध्याकाळी भात केला. शेजारणीला हाक मारावी म्हणून दारापर्यंत गेले, परत आले. सांगणार काय होते? फार एकटं वाटलं. भात तसाच झाकून ठेवला.

सोमवार, १३ मार्च

पाहुण्यांना पलीकडच्या गल्लीतून नेलं. तरी वळणावरून दिसलंच. आजीने आठ बुटकी स्टुलं पुसून मांडली होती आणि मान उंच करून रस्त्याकडे बघत होती. मी उन्हाची छत्री तिरकी धरली आणि पुढे निघाले. एका पाहुणीने विचारलं, तुम्ही बऱ्या आहात ना? हो म्हटलं.

मंगळवार, १४ मार्च

एकटीच गेले. आजी केळफूल चिरत होती. सगळं सांगून टाकलं — ताप, जीभ, ख्वातपाशी काय बोलले तेसुद्धा. वाटलं, हाकलून देईल. तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मला तर चार वर्षं कशाची चव लागत नाही गं. घरात कळलं तर सून पातेलं काढून घेईल हातातून. म्हणून तर तुला विचारायची."

मग पुन्हा सुरी उचलत म्हणाली, "आता आपण कोणाला विचारायचं?"