डाव्या बरगडीखाली

सुर्ला, ५ नोव्हेंबर १९७३
आज शाळेत रुजू झाले. पेडण्याची मुलगी डिचोली तालुक्यात शिक्षिका! खोली सुमंगलावहिनींकडे मिळाली. त्यांचे यजमान खनिजाचा ट्रक चालवतात. वाऱ्यासाठी खिडकीचे जनेल उघडले की पुस्तकांवर तांबडी धूळ बसते, तरीही मी प्रसन्न आहे. पेज वाढताना वहिनी म्हणाल्या, की लाजून अर्धपोटी राहिलीस तर तुझ्या आईला मी कोणते तोंड दाखवू? त्यांनी मला धाकटी बहीण मानले आहे.

१२ डिसेंबर
ताप हटत नाही. गिळताना घशात काटे रुततात. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या आहेत. दुकानातून आणलेल्या कॅप्सूल घेतल्या, तर अंगभर लाल पुरळ उठले. फळा पुसण्याइतकेही त्राण उरलेले नाही.

१९ डिसेंबर
वहिनींसोबत डिचोलीला डॉक्टरांकडे पुन्हा गेले. रक्ततपासणीने त्यांचा संशय खरा ठरवला: ग्रंथिज्वर. त्या कॅप्सूलचा यावर उपयोग नाही, पुरळही त्या कॅप्सूलमुळेच उठले. विश्रांती, भरपूर पाणी, तापाची गोळी. बाकी काय ते शरीर आपणच सावरील. मात्र प्लीहा सुजली आहे. डाव्या बरगडीखाली दाब वा धक्का मुळीच नको. ती फाटली तर कळ डाव्या खांद्यापर्यंत जाते, जिवावर बेतते. रोग लाळेतून पसरतो, चुंबनातून किंवा उष्ट्या पेल्यातून. शाळेच्या माठावर एकच पेला आहे, असे मी सांगितले. परतताना बसमध्ये वहिनी माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसल्या.

२१ डिसेंबर
चुंबन, एवढा एकच शब्द वहिनींनी घरी आणला. मला मळमळते, भरदुपारी झोप येते, पोट जड वाटते. त्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला. ट्रकवाल्यांपैकी कोण, असे विचारतात. मी खाली मान घालून बोलते, तेही आता लबाडीचे लक्षण ठरले. पेज दाराबाहेर ठेवली जाते.

२३ डिसेंबर
सुईण भाग्यलक्ष्मी येणार आहे — पोट चाचपायला. डॉक्टरांचे शब्द मी पुन्हापुन्हा सांगितले. शिकलेल्यांना निमित्ते बरी सुचतात, वहिनी म्हणाल्या. काही नसेल तर भितेस कशाला?

दुपार
वहिनींनी हात धरले. ‘दाखय गे बाय, बायलांत लज कसली?’ म्हणत सुईणीने तेलाचा तळवा फिरवला. आधी हलके. मग डावीकडे गोळा लागला — तिथेच थांबली — तिथेच दाबले. मी किंचाळले. त्यांना ती लाज वाटली —

संध्याकाळ
गर्भ नाही, असे सुईणीने सांगितले. वहिनी रडल्या. माझे केस विंचरले. शेजारणींना ओरडून सांगत आहेत, आमची बाई चोख.
डावा खांदा दुखतो. खांद्याला कोणी हात लावला नव्हता —
डॉक्टरांकडे न्या, म्हटले. उद्या जाऊ, म्हणाल्या. आता कसली भीती, नाव तर वाचले.
घाम गार. तहान —
वहिनी शिरा घेऊन आल्या. मला उठवून बसवत — त्या म्हणतात, खा गे, आता तुला