निळ्या खोलीची राखण

३ ऑक्टोबर १९८८, सोमवार
उत्तरा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. अखेर आठवण झाली. आमच्या मरोळच्या केंद्रात ‘नेटवर्क सुरक्षा’ ह्या विषयावर संशोधन चालतं. सुरक्षेवर संशोधन, आणि गिरणीच्या गेटवर जन्म काढलेल्या माणसाला आजवर एक शब्द कुणी विचारला नाही! सगळी एम.टेक. पोरं. स्वतःची छत्री सांभाळता येत नाही. माझ्या चौकीत विसरलेल्या छत्र्यांचा ढीग पडलाय.
मॅडम म्हणाल्या, मामा, अठरा-एकोणीसला सराव आहे, दिल्लीची कमिटी बघायला येणार. त्यानंतर गेटवर तुम्ही राहायचं की एजन्सी आणायची, ते ठरेल. मी घाबरलो नाही. फक्त पाणी प्यायलो.

४ ऑक्टोबर
बाळाने जेवताना पुन्हा तोच विषय काढला. म्हणतो, बाबा, नोकरी सुटली की तुम्ही आणि आई गावी जा, ह्या घाटकोपरच्या खोलीत पोरांना अभ्यासाला जागा नाही. गावी जाऊन काय करू? माकडं हाकू? शेवंती भात वाढत राहिली. ही बाई नको तेव्हा बोलते आणि हवं तेव्हा गप्प बसते.
संकल्प: सराव जिंकायचा. सुरक्षा अधिकारी व्हायचं. दुपारची डुलकी बंद.

५ ऑक्टोबर
डुलकी लागली. पंख्याचा दोष. वारा नको तिथे येतो.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
सराव काय असतो ते कळलं. हसू आलं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मधून वायर. निळ्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये एका खोट्या बँकेची खोटी खाती. निळ्या पार्टीने ती राखायची, लाल पार्टीने दुसऱ्या खोलीतून घुसून पळवायची. घुसायचं म्हणजे खुर्चीत बसून बटणं दाबायची. ह्याला हे हल्ला म्हणतात! आमच्या गेटवर संपात दगड येत होते.
निळ्या खोलीची किल्ली माझ्याकडे. नियम वाचून दाखवले. लाल पार्टीच्या माणसाने निळ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बाकी वाटेल ती युक्ती करावी. आणखीही काही होतं. माझं नाव येऊन गेल्यावर मी ऐकलं नाही.
लाल पार्टीचा म्होरक्या चंद्रप्रकाश. दाढी वाढवलेला, शर्ट बाहेर. त्याच्या हाताखाली प्रेमा म्हणून चष्मेवाली मुलगी. लालबागची. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते म्हणे. मुलीला लढाईत घेतात, तिथेच पार्टी हरली.

१४ ऑक्टोबर
एक गोष्ट मनाला खाते आहे. सरावाचा दुसरा दिवस म्हणजे खंडेनवमी. आमच्या गिरणीत त्या दिवशी प्रत्येक साच्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि पूजा झाल्यावर साचा एक फेरा चालवायचा. पूजा न झालेलं यंत्र दगा देतं. मॅडमना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, मामा, कुंकू-बिंकू नको हं, आत धूळसुद्धा चालत नाही. ए.सी. चालतो, देव चालत नाही. एवढं शिकून हेच.
यंत्र बिघडलं तर नाव कुणाचं जाणार? दशरथचं. रात्रभर कुशी बदलतोय. शेवंती म्हणते गॅस आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार
सराव सुरू. दिल्लीचे साहेब आले. तिघेही जाडे. मी सॅल्यूट ठोकला, एकाने मला छत्री दिली.
दिवसभर लाल पार्टीने वायरीतून मारा केला म्हणे, काही उपटता आलं नाही. निळी पोरं नाचत होती, झकास, झकास. श्रेय कुणी मला दिलं नाही. दार कुणी राखलं? संध्याकाळी चंद्रप्रकाश तोंड पाडून जिन्यावर बसला होता. मी म्हणालो, काय रे, लागली ना वाट? तो म्हणाला, मामा, तुम्ही आहात तिथे आमचं काय चालणार. पोराला थोडी अक्कल आहे.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी, दुपार
आजचा प्रसंग लिहून ठेवतो. कर्तव्य आणि धर्म दोन्ही कसे सांभाळावेत, ते ह्या लोकांनी शिकावं.
निळी पोरं जेवायला गेली. सगळी एकदम. (ही शिस्त!) तेवढ्यात प्रेमा आली, हातात ताट. हळदकुंकू, झेंडू, पेढा. मी दारात आडवा झालो. म्हणालो, पोरी, तू लाल पार्टीची, एक पाऊल पुढे टाकायचं नाही. ती म्हणाली, छे हो मामा, मी कशाला येऊ? तुम्हीच वाहा. आज यंत्र कोरडं ठेवलेलं माझ्या वडिलांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. एवढ्या इमारतीत एक माणूस निघालं.
तिला उंबऱ्याबाहेर उभी केली आणि ताट मी स्वतः आत नेलं. कुंकू अगदी बेताचं लावलं. मग ती बाहेरून म्हणाली, मामा, माझं हत्यार पण ठेवा ना देवापुढे. आणि एक फ्लॉपी दिली. रास्त आहे. विणकर धोटा ठेवतो, सुतार करवत ठेवतो. मी फ्लॉपी यंत्रापुढे ठेवली. ती म्हणाली, तुमच्याकडे धोटा साच्याबाहेर ठेवून पूजत होते का? मला काय शिकवते! फ्लॉपी खाचेत सरकवली. ती म्हणाली, आणि एक फेरा? मी म्हणालो, तो तर मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. छान घुरघुरला. नमस्कार केला. पेढा खाल्ला.
तिचं पाऊल आत पडलं नाही. नियम म्हणजे नियम.

त्याच दिवशी, संध्याकाळी
निळी पार्टी हरली. जेवून आली तर खाती साफ, पडद्यावर लाल पार्टीच्या दसऱ्याच्या शुभेच्छा. जेवायला गेल्यावर दुसरं काय होणार?
मॅडमनी विचारलं, मामा, आत कोण आलं होतं? छातीवर हात ठेवून सांगितलं, कुणी नाही. खरं तेच सांगितलं. मग प्रेमाने सगळ्यांसमोर सगळी गोष्ट सांगितली. फ्लॉपी आत ठेवून यंत्र बंद-चालू केलं की ते मालकाचं सोडून फ्लॉपीचं ऐकतं म्हणे. असलं इमान नसलेलं यंत्र मी बनवलं का?
प्रेमाला म्हणालो, गोड बोलून गळा कापलास गं. ती म्हणाली, पूजा खरी होती हो मामा. बाबांनीच झेंडू दिला.
साहेब लोक हसत होते. मला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. दाखवलं. घरी कुणाला बोललो नाही.

२१ ऑक्टोबर
काल दसरा. सोनं द्यायला बाळा पाया पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, गाडीचं रिझर्वेशन आधी करावं लागतं. झोप नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार
निकाल लागला. एक तारखेपासून गेट एजन्सीकडे. टोप्या घातलेली पोरं येणार, शिट्ट्या फुंकणार. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि जायला वळलो. तेव्हा मॅडम म्हणाल्या, बसा मामा. तुम्हाला आम्ही सोडत नाही. कमिटीला तुम्ही फार आवडलात. वायर कितीही पक्की केली तरी दारातला माणूस कसा फसतो, ह्यावर पुढचं संशोधन. तुम्ही निळ्या खोलीशी बसायचं. अट एकच. कुणाकडून काही शिकायचं नाही, आहात तसेच राहायचं.
मी म्हणालो, मॅडम, एवढ्या वर्षांत मला कुणी काही शिकवू शकलेलं नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच.
शेवंतीला सांगितलं, संशोधन खात्यात घेतलं मला. बाईने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, म्हंजे परत फसलात तरच नोकरी रवतली? मी म्हणालो, दशरथ एकदा फसतो, दोनदा नाही. ती म्हणाली, मगे गावची तिकिटां काढा.
माळ्यावरची ट्रंक खाली काढली, परत वर ठेवली.
लक्ष्मीपूजन जवळ आलंय. प्रेमाने ताट आणायला विसरू नये म्हणजे झालं.